हंडा पळवणारी चौघं

बाबा रेल्वेत गँगमन होते. गावाजवळच्या स्टेशनावर उतारू जे काही विसरून किंवा टाकून जात, ते बाबा जेवणाच्या पिशवीत घालून घरी आणत, आणि त्यात खाण्याचं कधीच काही नसे म्हणून आम्ही भावंडं चिडायचो. शिळी वर्तमानपत्रं, औषधांच्या जाहिराती, एकदा तर कुणाच्या तरी लग्नाच्या न वाटलेल्या पत्रिकांचा गठ्ठा. एका पावसाळ्यात त्यांनी कादंबरी आणली. तिला कव्हर नव्हतं, पहिलं पान नव्हतं, त्यामुळे तिचं नाव काय आणि ती लिहिली कुणी, हे मला तेव्हा कळलं नाही आणि पुढे पुष्कळ शोधूनही कळलेलं नाही. शेवटचीही काही पानं नव्हती. ती स्टेशनावरच्या भजेवाल्याने कामाला लावली असावीत, असं बाबांचं मत होतं. मी आठवीत होते आणि हातात छापील काही पडलं की ते संपवल्याशिवाय मला जेवण जात नसे, त्यामुळे पुस्तकाला शेवट नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं. वस्तीत दुसऱ्या कुणाला ते ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही, आणि एवढ्याशा गोष्टीसाठीच हे प्रकरण लिहायला बसले आहे.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या कडेने होती. मधोमध विहार, म्हणजे मातीच्या चार भिंती, वर टिनं, आत बुद्धाची हातभर मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि बाजूला सामानाची एक खोली. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले, तीन महिने तिथे रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होई. वाचणाऱ्या म्हाताऱ्या आजोबांचे डोळे गेल्यापासून ते काम माझ्याकडे आलं होतं, आणि त्याचा मला जो ताठा होता तो आठवला की आज माझं मलाच हसू येतं. रीत ठरलेली होती. हातपाय धुवायचे, डोक्यावर पदर घ्यायचा, मेणबत्ती लावायची, वंदना, मग वाचन, आणि शेवटी सगळ्यांनी तीनदा साधू म्हणायचं. एकदा ग्रंथ लावला की तो अर्धा सोडायचा नाही. पुरा झाला की समाप्ती, समाप्तीला गुळाची खीर, आणि तोवर कुणी नवं काम हाती घ्यायचं नाही, ना घराची भिंत, ना सोयरीक. असं कुठे लिहिलेलं नव्हतं. बाबा म्हणत, आपण देव सोडले पण पारायण काही सुटलं नाही. असं म्हणत आणि खिरीचा गूळ स्वतःच आणत.

त्या साली श्रावणात झड लागली. आठ आठ दिवस पाऊस थांबायचं नाव नाही, निंदणाची कामं बंद, बाया घरात अडकलेल्या. आमच्या घरापुढे टिनाची लांबलचक सपरी होती, तिथे दुपारी सगळ्या जमत. कुणी अंबाडीची पानं खुडत, कुणी डाळ निवडत, माय चुलीवर हरभरे भाजत असे आणि त्या वासाने पोरं गोळा होत. टिनावर पाऊस इतका वाजायचा की बोलायचं तर ओरडावं लागे. मी कोपऱ्यात बसून तीच कादंबरी दुसऱ्यांदा वाचत होते. द्वारकाबुडी, वस्तीतली म्हातारी सुईण, तिला दुसऱ्याचं गप्प बसणं सहन होत नसे. ती म्हणाली, "मनातल्या मनात काय खाऊन राह्यली वं? आमाले बी दे थोडं." तिथून सुरुवात झाली.

गोष्ट अशी होती. एका राजाने राज्यातल्या नकोशा माणसांची नावं काढून घेतली आणि ती तांब्याच्या एका हंड्यात घालून सात दारांआड कोंडली. ज्याचं नाव हंड्यात गेलं त्याला कुणी हाक मारू शकत नसे, आणि हाक मारता येत नाही म्हणून विहिरीवर, बाजारात, लग्नात त्याला जागा नसे. अशी हाकलून दिलेली चौघं एका पडक्या घाटावर भेटतात. कानाने कुलूप ओळखणारी एक आंधळी किल्लीवाली, सगळ्यांची सोंगं घेऊन स्वतःचं तोंड विसरलेला एक बहुरूपी, राणीला मुलगी झाली म्हणून हद्दपार केलेली सुईण, आणि राजाच्या पहारेकरी दैत्याची टाकून दिलेली लेक, जिला आतल्या वाटा ठाऊक. चौघं मिळून तो हंडा पळवायचं ठरवतात.

"गावाच्या बाहेर राह्यत असतीन हे चौघं," द्वारकाबुडी म्हणाली. मी म्हटलं, तसं लिहेल नाही. "लिहाले कायले पाह्यजे? समजते थे."

दुसऱ्या दिवशी मी पाहते तर बाया हातपाय धुऊन, पदर घेऊन बसलेल्या. कुणीतरी वंदना सुरू केली, आणि त्या दिवशीचं वाचन संपलं, बहुरूपी पहारेकऱ्याच्या मेलेल्या आईचं सोंग घेऊन पहिल्या दारातून आत शिरतो तिथे, तेव्हा सगळ्यांनी गंभीरपणे तीनदा साधू म्हटलं. मला हसावं की घाबरावं कळेना. मी सांगून पाहिलं, की काकू, हे खरं नसते, मनानं लिहेल असते. चंद्रभागाकाकू, जी गावातल्या प्रत्येक माणसाची नक्कल करत असे, तिने मला वेड्यात काढलं. "छापलं हाय नं? खोट्यापायी कोन एवढा कागद नासवते?" मी वाद सोडून दिला. खरं सांगायचं तर त्यांनी पदर घेऊन माझ्यापुढे बसणं मला आवडलं होतं.

थोड्याच दिवसांत चौघं सपरीत राहायलाच आली म्हणा ना. द्वारकाबुडी सुईण, हे कुणी न ठरवताच ठरलं. चंद्रभागाकाकू बहुरूपी. माय आंधळी किल्लीवाली, कारण घरातल्या जुन्या कुलपाची किल्ली हरवल्यापासून ती ते केसातल्या आकड्याने उघडत असे. आणि दैत्याची लेक म्हणजे कमलआत्या.

कमलआत्या शेजारच्या श्रावणकाकाची बहीण. शिरपूरला दिली होती. नवऱ्याने दुसरी घरात आणली तेव्हा ती नेसत्या लुगड्यानिशी भावाकडे निघून आली होती. भावाच्या दोन खोल्या, चार पोरं, आणि भावजयीने एकदा भाकरी थापता थापता सरळच सांगून टाकलं होतं की दसऱ्यापर्यंत ठीक, पुढे जमणार नाही. भावजयीचं चुकत होतं असंही म्हणवत नाही. कमलआत्याची एकच वस्तू शिरपूरला राहिली होती, हाताने फिरवायची शिलाई मशीन. तिचे वडील कारंज्याला सरकी-कापसाच्या कारखान्यात होते, त्यांनी ती लेकीला लग्नात दिली होती. मशीन हाती आली तर विहाराच्या बाजूची खोली तिला राहायला द्यायची, तिने कपडे शिवून पोट भरायचं, असं वस्तीतल्या मोठ्यांनी कबूल केलं होतं. मशीन नाही तर खोली नाही, आणि खोली नाही तर दसऱ्यानंतर शिरपूर. सासरच्यांकडे ती दोनदा मागून आली, चार माणसं नेऊनही आली. सासूने सांगितलं, मशीन घराची, सून नांदायला आली तर तिची. कमलआत्या बोलायची फार कमी. कुणी दिसलं की आधी त्याच्या अंगावरच्या कापडाची शिवण पाहायची, आणि उसवलेली दिसली की सुई काढायची.

कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली ते मला आठवत नाही, आणि माय असेपर्यंत विचारलं तर ती दर वेळी वेगळंच नाव सांगे. एका दुपारी चौघं चौथ्या दारापाशी होती, तेव्हा चंद्रभागाकाकूने डाळ पाखडता पाखडता विचारलं, "कमल, तुह्या सासरी मांगचं दार हाय का वं?" सपरीत हशा पिकला. कमलआत्या हसली नाही. ती म्हणाली, "हाय. कडी बाहेरून काडीनं उघडते. मशीन मधल्या खोलीत, खाटेखाली." त्यानंतर कुणीच हसलं नाही.

मग आठ दिवस तेच. दसऱ्याला शिरपूरचं घरदार नागपूरला जाणार, दीक्षाभूमीवर, दर वर्षी जातात. मागे फक्त सासू, आणि तिला डोळ्यांनी कमी दिसतं. चंद्रभागाकाकूने मालेगावकडची लांबची नातेवाईक होऊन पुढच्या दारी बसायचं आणि म्हातारीला बोलण्यात गुंतवायचं. कमलआत्या आणि मायने मागून शिरायचं, मायने मशीन टोपल्यात घालून डोक्यावर घ्यायची, वर लुगडी. द्वारकाबुडीने एसटीच्या पायरीशी उभं राहून गाडीत चढायला वेळ लावायचा, म्हातारं माणूस पाहून कंडक्टर थांबतो. हे सगळं, तुम्हाला दिसतच असेल, पुस्तकातून उचललेलं होतं. फक्त पुस्तकात एसटी नव्हती.

मला मात्र काही सुचेना. रोज संध्याकाळी विहारात मीच पुढे बसून पंचशील म्हणवून घेत होते, आणि त्यातलं दुसरं शील आहे की न दिलेली वस्तू घेणार नाही. तेच तोंड दुपारी चोरांची गोष्ट वाचत होतं आणि ज्यांच्यासाठी वाचत होतं त्यात माझी मायही होती. मी बाबांना आडून विचारलं, आपलीच वस्तू दुसऱ्याच्या घरात असली आणि न विचारता आणली, तर ती चोरी का. बाबा भाकरीवर ठेचा घेत होते. म्हणाले, "इचारून आनावं."

"इचारलं अन् नाही देली तं?"

"चार मानसं न्यावं."

"तरी नाही देली तं?"

बाबांनी तोंडातला घास संपवला. मग म्हणाले, "कोनाची वस्तू हाय थे?" मी म्हटलं, पुस्तकातली. ते म्हणाले, मग पुस्तकातच लिहिलं असेल पुढे काय होतं ते. त्यांनी विषय संपवला आणि मला आणखी गोंधळात टाकलं. त्यानंतर माझ्या डोळ्यांपुढे सारखं एकच येई, शिरपूरच्या चौकात मायला पोलिसाने धरलंय आणि तिच्या डोक्यावर टोपलं आहे. आणखी एक गोष्ट कबूल करते, कारण या वयात लपवून काय करायचं. त्या दसऱ्याला बाबा मलाही नागपूरला नेणार होते, पहिल्यांदाच. माय शिरपूरला गेली तर धाकटं पोर सांभाळायला मी घरी. कोणतं कारण मोठं होतं, मायची काळजी की नागपूर, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. आता विचारते तर उत्तर रोज बदलतं.

बाया मात्र एका गोष्टीवर अडून बसल्या होत्या. पुस्तक पुरं झाल्याशिवाय निघायचं नाही. वर्षावासात लावलेलं वाचन अर्धं टाकून नवं काम कसं करायचं? आणि चौघं सुटली की नाही हे कळल्याशिवाय पाऊल तरी कुठे टाकायचं? "तठी काय व्हते थे पाहू," द्वारकाबुडी म्हणाली, "मंग आपलं." मी पानं हळूहळू वाचू लागले, कालचं आज पुन्हा वाचू लागले, घसा बसल्याचं सोंग केलं. पण दसरा चार दिवसांवर आला. मायने गूळ आणून ठेवला, कमलआत्या सपरीत बसून खोबरं किसू लागली, आणि मी शेवटचं होतं ते पान उघडलं. दैत्याच्या लेकीने सातवं दार उघडलं, हंडा समोर होता, आंधळी किल्लीवाली झाकणाला कान लावून बसली होती, आणि तेवढ्यात बोळाच्या टोकाला पलित्यांचा उजेड दिसला आणि. तिथे पान संपलं. वाक्यही अर्धंच होतं.

मी खाली पाहत राहिले आणि नजर डावीकडून उजवीकडे फिरवत पुढे वाचू लागले. तोंडाने काय बाहेर पडणार आहे हे मला आधी ठाऊक नव्हतं, एवढं तरी माझ्या बाजूने मानावं. मी वाचलं, की तो उजेड राजाच्या शिपायांचा होता. चौघं पकडली गेली पाहिजेत हे मनात पक्कं होतं, पण शिपायांना वाट कळली कशी हे सांगायला हवं होतं, आणि आतली वाट ठाऊक असलेलं एकच माणूस होतं. मी वाचलं की दैत्याच्या लेकीनेच निरोप धाडला होता, कारण शेवटी रक्त रक्ताकडेच ओढतं. तिघांचे दगड झाले. तिला तिच्या घरी परत घेतलं. हंडा होता तिथेच राहिला. मी पुस्तक मिटलं.

पाऊस थांबलेला होता, त्यामुळे सपरीत फार शांत वाटलं. मग द्वारकाबुडीने सुरुवात केली आणि सगळ्यांनी तीनदा साधू म्हटलं, कमलआत्यानेही. रीत होती म्हणून खीर झाली, आणि खीर चांगली झाली होती. माय वाट्या भरता भरता म्हणाली, "पुस्तकात झालं म्हनून आपल्या अठी थोडीच व्हते," पण कुणाकडे न पाहता म्हणाली. चंद्रभागाकाकू म्हणाली, "एवढे हुशार लोक पकडल्या गेले. आपुन कोन?" आणि थोड्या वेळाने, उगाच, वाटीकडे बघत, "घरचंच मानूस असते बाई शेवटी." कमलआत्या तिच्या शेजारीच बसली होती. तिने आपली वाटी पुरी संपवली, धुऊन पालथी घातली आणि घरी गेली. कुणी तिला काही बोललं नाही, कुणी भांडलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सपरीत पोतं अंथरताना तिच्यासाठी कुणी जागा धरली नाही, आणि शिरपूरचं नाव कुणी काढलं नाही.

मला खरं सांगायचं होतं. दोनदा मी श्रावणकाकाच्या दारापर्यंत गेले. पण सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं, की ग्रंथ वाचणारी मुलगी पुस्तक हातात धरून खोटं वाचते. मग विहारात माझ्यापुढे कोण बसणार? तिसऱ्या दिवशी मी नव्या फ्रॉकला हुक लावत बसले. दसऱ्याला आम्ही नागपूरला गेलो, मायही आली. तिथली गर्दी, पांढरे कपडे, निळे झेंडे, लोकांच्या खांद्यावरून पाहिलेली दीक्षाभूमी, हे सगळं मला आठवतं ते धुरकट. माय रडत होती, आनंदाने रडत असेल असं मी धरून चालले. मी मात्र दिवसभर शिरपूरच्या म्हातारीसमोर बसलेल्या चंद्रभागाकाकूचा विचार करत होते, जी प्रत्यक्षात माझ्या शेजारीच उभी राहून केळी खात होती.

परत आलो तेव्हा कमलआत्या नव्हती. गुडघे दुखतात म्हणून द्वारकाबुडी मागे राहिली होती, तिने सांगितलं. दसऱ्याच्या सकाळी कमलआत्या पिशवी घेऊन निघाली. बुडीने विचारलं, एकटी काय आणशील तेवढी जड मशीन. ती म्हणाली, "आनत नाही. थे माह्याकडे येत नसन तं मीच तिच्याकडे जातो." श्रावणकाका लोकांना सांगे, आपल्या पायानं गेली. त्याच्या बायकोने दोन दिवस चूल नीट पेटवली नाही. विहाराच्या बाजूच्या खोलीत पुढे शाळेची मोडकी बाकं ठेवली गेली.

मायला मी हे कधीच सांगितलं नाही. पुष्कळ वर्षांनी मी मास्तरीण होऊन शिरपूरच्या बाजूला बदलीवर गेले, तेव्हा एक दिवस ब्लाउजचं कापड घेऊन कमलआत्याचं घर शोधत गेले. कापड हे निमित्त होतं. ती ओसरीत मशीन पुढे घेऊन बसली होती, समोरचे केस पांढरे झालेले. तिने मला ओळखलं ते चेहऱ्याने नाही, आवाजाने. सवतीने चहा आणला, सवतीची पोरं तिला मोठी माय म्हणत होती. ती दुःखी दिसत नव्हती, आणि मला त्याने हलकं वाटायला हवं होतं, पण ओसरीच्या कोपऱ्यात तिची वळकटी आणि पत्र्याची पेटी होती आणि त्या घरात तिचं तेवढंच दिसत होतं. तिने बसल्या बसल्या ब्लाउज बेतून शिवायला घेतला. मग मी सांगून टाकलं. ती पानं नव्हतीच आत्या, तो शेवट मी मनानं वाचला होता.

तिने मशीनचं चाक थांबवलं नाही. एक बाही पुरी केली, दुसरी घेतली. मग म्हणाली, "म्हंजे पुस्तकात नव्हतं थे?"

"नव्हतं."

"तुह्या मनचंच व्हतं?"

मी हो म्हटलं. मग मान वर करून तिने विचारलं, रागाने नाही, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं विचारलं.

"मनचंच सांगाचं व्हतं, तं सुटले असं काहून नाही सांगितलं वं?"

मी तोंड उघडलं. माय, पोलीस, नागपूर, नवा फ्रॉक, सगळं एकदम जिभेवर आलं आणि त्यातलं एकही तिच्यापुढे ठेवण्यासारखं नव्हतं. तिने दुसरी बाही जोडली. मग दोरा दाताने तोडला, ब्लाउज उलटा करून शिवण एकदा पाहिली आणि घडी करून माझ्या हातात दिला.